दोन जणांची होडी

३ जानेवारी

होडी उतरवताना दादाची पाठ गेली. नव्या घरातला पहिला दिवस, सामान अजून दारात, आणि हा माणूस ट्रकवाल्याला म्हणतो, "सरका, ही मी एकटा उचलतो." उचलली, आणि तसाच वाकलेला राहिला. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला.

होडी मात्र शाबूत आहे. हे मी वहिनीसमोर बोलून गेले, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहाची भांडी शोधायला लागले.

७ जानेवारी

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चालेल, फिरेल, पण दोन महिने होडीचं नाव काढायचं नाही. दादाचा चेहरा एवढासा झाला. त्याचं काम इकडे हलल्यावर तिघांचं बिऱ्हाड इथे आणताना त्याने एकच लालूच दाखवली होती, की घरापासून दहा मिनिटांवर खाडी आहे, उथळ, गवताळ, माशांनी भरलेली. मी कामाला आहे त्या मालकाचं चष्म्याचं दुकान इथेही आहे म्हणून माझं निभावलं. वहिनीला तर कुणी विचारलंच नाही.

दादा पडल्या पडल्या म्हणाला, "ठमे, तू जा होडी घेऊन. पण एकटी नाही जायचं. खारं पाणी आहे, आपला तलाव नव्हे. हिला घेऊन जा."

हिला म्हणजे वहिनीला! मी खो खो हसले. वहिनी हसली नाही. म्हणाली, "जाईन."

शाळेत होते तेव्हापासून आमची बैठक ठरलेली आहे. दादा मागे इंजिनापाशी, मी पुढे. वहिनी लग्न होऊन आली त्यालाही आता वर्षं लोटली, एकदाही होडीत पाऊल टाकलं नाही, आणि आता म्हणे जाईन.

एक गोष्ट लिहून ठेवते. तलावात ही होडी तिघांना आरामात पेलायची. इथे धक्क्यावर कोळंबी विकणारा एक म्हातारा आहे, त्याने होडीच्या कडा पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, ही गोड्या पाण्याची परात आहे. दोन माणसांच्या वर मांजरसुद्धा घेऊ नका, लाट आत येईल." म्हणजे दादा बरा झाला की त्याच्याबरोबर एकीलाच जागा. ती माझी आहे. आजारपणाच्या आडून कुणी ती बळकावणार असेल तर मी बघून घेईन.

११ जानेवारी

पहिली फेरी. मी मागे, इंजिनावर. वहिनी पुढे, माझ्या जागेवर, दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरून, पाठ ताठ, जशी काही फोटोला बसलीय. मी म्हटलं, "वहिनी, जरा सैल बस." तर मान हलवली आणि आणखी ताठ झाली. एक शब्द बोलली नाही. काय तो रुबाब!

तासभर मला काही लागलं नाही. तलावात मला पाण्याकडे पाहून कळायचं मासा कुठे आहे. इथलं पाणी सारखं कुठेतरी निघालेलं असतं. एक जागा धरावी तर ती जागाच सरकते. वहिनीने गळ कसाबसा टाकला, टाकताना डोळे मिटले, आणि मासा लागला. चांगला हातभर लांब. ती किंचाळली, मी ओढून घेतला, म्हणजे खरं तर अर्धा मासा माझाच म्हणायला हवा.

धक्क्यावर कोळंबीवाला म्हणतो कसा, "वा, कप्तान!" तिला. होडी चालवली कुणी?

घरी आल्यावर वहिनी तडक न्हाणीघरात गेली आणि कितीतरी वेळ नळ सोडून बसली. अंगाला माशाचा वास आला असेल, नाजूक ना! बाहेर आली ती पांढरीफटक, आणि दादाला सगळी गोष्ट अशी रंगवून सांगितली की तो पाठ धरून हसला. "हसवू नकोस गं, टाके उसवतील," म्हणाला. माझ्या गोष्टींवर तो "असं होय" म्हणतो.

ती दुपारी जेवली नाही. म्हणाली भूक नाही. आनंदाने पोट भरलं असणार.

१८ जानेवारी

आज अंगाचा तिळपापड झाला. दादाने स्वतःची गळाची काठी वहिनीला दिली. ती काळी, बारीक, वाऱ्यानेही वाकणारी. मला आजवर तिला हात लावू दिला नाही. "तू आदळआपट करतेस," म्हणायचा. आणि काठी देण्याचं कारण काय, तर वहिनी घरी आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्याने धुते. खाऱ्या पाण्याने माझ्या काठीचं दोरा गुंडाळायचं चक्र एका आठवड्यात गंजलं, करकरायला लागलं. तलावावरून आल्यावर कोण धुतं सामान? आपण तर खुंटीला टांगायचो आणि जेवायला बसायचो. हिला हे कुणी शिकवलं? कोळंबीवाल्याने. मंगळवारी बाजाराला जाते म्हणून निघाली होती ती धक्क्यावर जाऊन त्या म्हाताऱ्याला प्रश्न विचारत बसली होती. भरती कधी, ओहोटी कधी, वारा उलटा असला तर काय करायचं. हे सगळं माझ्या पाठीमागे.

दादाला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे असे चमकले! मी उठून कपडे वाळत घालायला गेले. ते आधीच वाळलेले होते.

वहिनी परवा विचारत होती, "वन्सं, तुम्हाला पोहता येतं ना चांगलं?" म्हटलं, येतं, का? "नाही, सहज," म्हणाली. आता पोहण्यातही माझ्याशी चढाओढ करायची आहे वाटतं.

२५ जानेवारी

तिला दोन लागले, मला एक खेकडा, तोही गळाला लावलेली कोळंबी खाऊन निघून गेला.

परत आल्यावर होडी धक्क्याला वहिनीने बांधली. दोरी अशी ढिली सोडली की होडी हातभर लांब डुलत राहिली. तलावावर अशी बांधली असती तर दादाने कान उपटला असता. होडी बांधायची म्हणजे धक्क्याला चिकटून, घट्ट, हलता कामा नये. तर तो कोळंबीवाला माझ्यादेखत म्हणतो, "अशी बांधतात. शहाणी आहे बाई." आणि मी कोण? वेडी?

घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि म्हटलं, माझा चष्मा राहिला. (डोक्यावरच होता.) परत जाऊन दोरी सोडली आणि दादाने शिकवल्याप्रमाणे बांधली. आखूड, करकचून, दोन पीळ देऊन. आता बरं वाटतंय.

२६ जानेवारी

बरं वाटत नाहीये.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो तर पाणी पार खाली गेलेलं आणि होडी नाकाने दोरीला टांगलेली, शेपूट खाली चिखलात. खुंटीला कोट टांगावा तशी. आतलं सगळं ओहोटीबरोबर गेलं. वल्हं कोळंबीवाल्याने अडवून ठेवलं होतं. दादाची काठी आम्ही काल होडीतच विसरलो होतो. ती गेली.

पाणी चढतं-उतरतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं.

वहिनीने त्या दोरीकडे पाहिलं, मग दोन पिळांकडे पाहिलं. घरी येऊन दादाला म्हणाली, "माझ्याकडून दोरी आखूड बांधली गेली. तुमची काठी गेली हो." दादा म्हणाला, "जाऊ दे, होतं असं."

मला बोलायला तिने वावच ठेवला नाही. सगळा मोठेपणा स्वतःच्या पदरात! आता मी खरं सांगितलं तरी तीच चांगली आणि नाही सांगितलं तरी तीच. असा राग आलाय की भाकरी गिळवली नाही.

१ फेब्रुवारी

गेलो नाही. वारा होता. वहिनी म्हणाली, "वन्सं, आज नको, वारा पाण्याच्या उलट आहे." मी म्हटलं, वा, कप्तान. ती हसली. मी टोमणा मारला होता.

८ फेब्रुवारी

आज काय काय झालं ते सावकाश लिहिते.

खाडीच्या आतल्या अंगाला, वाळूच्या दांड्याच्या पलीकडे, पाण्यात गवत आहे. तिथे आज मला मासे लागायला लागले. एकामागून एक! इतक्या आठवड्यांनी. वहिनी म्हणाली, "वन्सं, पाणी उतरतंय, निघू या." मी म्हटलं, शेवटचा. मग आणखी एक शेवटचा. ती तीनदा म्हणाली. मला वाटलं, मला लागताहेत म्हणून हिच्या पोटात दुखतंय. इंजिन सुरू केलं तेव्हा पात्याने चिखल उडवला आणि बंद पडलं. वल्ह्याने ढकललं तर वल्हं रुतलं. बघता बघता होडीच्या भोवतीचं पाणी निघून गेलं आणि आम्ही दोघी ओल्या गवतावर, होडीत बसलेल्या. किनारा समोर दिसतोय, माणसं दिसताहेत, पण मध्ये मांडीपर्यंत चिखल. मी पाय घालून पाहिला. बूट अजून तिथेच आहे.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय, पाणी येईपर्यंत बसायचं," वहिनी म्हणाली. तिने दादाला फोन लावला आणि शांतपणे म्हणाली, "वन्संना मासे लागताहेत. हलायला तयार नाहीत. उशीर होईल. भात झाकून ठेवलाय." ठेवून दिला. मग दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसली, पहिल्या दिवसासारखी. होडी तर हलतही नव्हती.

चार-पाच तास बसलो असू. ऊन चढलं. एक टॉवेल दोघींच्या डोक्यावर. नैसर्गिक विधींचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच, की वहिनीने पाठ फिरवून मोठ्याने गाणं म्हटलं आणि मग मीही तिच्यासाठी म्हटलं, आणि मला गाण्याचे शब्द येत नसल्यामुळे ती इतकी हसली की तिचं काम अडून राहिलं.

मग मी म्हणाले, "दोरी मी बांधली होती."

"माहितीये. दोन पिळांची गाठ त्या धक्क्यावर दुसरं कोण मारतं?"

"मग दादाला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला बोललेलं त्यांना नंतर सोसवत नाही. मला बोलून मोकळे होतात." मग जरा वेळाने म्हणाली, "वन्सं, मला पाण्याची भयंकर भीती वाटते. पहिल्या दिवशी घरी जाऊन ओकले मी."

मी चाटच पडले. म्हटलं, "मग येतेस कशाला बाई? कुणी गळ्याला दोरी बांधून आणलंय?"

"घरात दोन माणसं. एक पलंगावर कण्हतंय, दुसरं दाराकडे बघत बसलंय. म्हटलं, दुसरं तरी बाहेर काढू." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? तुम्हाला राग येईल. दर रविवारी मी दोघांचा डबा भरायची. तुम्ही दोघं हसत हसत जायचात, हसत हसत यायचात. दिवसभर मी घरात. मला होडी नकोच होती. पण एकदा विचारायला काय जात होतं? इतका राग यायचा मला तुमचा! एकदा तर तुमच्या भाजीत मुद्दाम दोनदा मीठ घातलं."

मला आठवली ती भाजी. दादाला मी म्हटलं होतं, बिचारीचं लक्ष नसतं.

ती माझ्यावर जळत होती! माझ्यावर! इतकी वर्षं! खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं. मी तिला म्हटलं, "मला अहोजाहो करू नकोस. चिखलात बसून कसलं वन्सं नि बिन्सं."

"बरं," म्हणाली. "मग सरक जरा, टॉवेल सगळा तूच घेतलास."

पाणी आलं ते आधी कळलंच नाही. गवत हललं आणि मग होडीच्या बुडाखाली काहीतरी कुजबुजलं. वहिनीने माझा दंड असा धरला की अजून वळ आहेत. मी हात सोडवून घेतला नाही.

१५ फेब्रुवारी

वहिनी इंजिनावर बसली. पहिल्यांदा वळवताना गोल गोल फिरवलं, कोळंबीवाला धक्क्यावरून ओरडत होता, "अहो कप्तान, ती गिरणी नाहीये!" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मी पुढे, तिच्याकडे तोंड करून बसले, म्हणजे तिला भीती वाटली की ती माझ्याकडे बघते.

मासे: तिला तीन, मला दोन. मी म्हटलं, तुझी कोळंबी ताजी होती. ती म्हणाली, "हात चांगले लागतात." भांडलो. मजा आली.

२२ फेब्रुवारी

गुडघाभर पाण्यात उभं करून तिला तरंगायला शिकवलं. डोकं माझ्या हातावर ठेवून आकाशाकडे पाहत होती आणि सारखी विचारत होती, "धरलंयस ना?" शेवटी शेवटी धरलं नव्हतं. सांगितलं नाही.

३ मार्च

डॉक्टरांनी दादाला होडीची परवानगी दिली. दादा पोरासारखा नाचायचा बाकी राहिला. वहिनीने साखर वाटली. मला आनंद झाला. झालाच. दोन महिने याचीच तर वाट पाहत होते.

वहिनी म्हणाली, "आता तुझी जागा तुला परत. मी सुटले बाई." मी म्हटलं, हो ना. तिने एवढ्या पटकन म्हणायला नको होतं.

८ मार्च

दादाबरोबर गेले. दादा मागे, मी पुढे. इतकं मनात घोळवलं होतं आणि शेवटी कंटाळा आला.

दादा बोलतच नाही! तलावातही बोलायचा नाही, पण तेव्हा मला ते छान वाटायचं. मी काहीतरी सांगावं तर "शू, मासे पळतील." इथले मासे कशाला पळतात, वहिनी एवढी किंचाळते तरी येतात. नांगर टाकताना दोरी आखूड सोडली. मी म्हटलं, "दादा, आणखी सोड, पाणी चढतंय." तर म्हणाला, "मला शिकवतेस?" परत आल्यावर होडी घट्ट बांधायला निघाला. मी हातातून दोरी काढून घेतली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू अगदी हिच्यासारखी बोलायला लागलीस." कौतुकाने म्हणाला की कुरकुरत, कळलं नाही.

वहिनी धक्क्यावर उभी होती. "किती?" तिने ओरडून विचारलं. मी दोन बोटं वर केली. तिने अंगठा खाली केला. माझा दिवसभरातला तेवढाच काय तो आनंद.

१५ मार्च

दादा वहिनीला घेऊन गेला. "एकदा हिचाही हात बघू दे," म्हणाला. बघ ना! मी कोण नाही म्हणणार?

मी धक्क्यावर कोळंबीवाल्याच्या टोपलीशेजारी बसले. काळजी वाटत होती म्हणून, दादाच्या पाठीची. होडी वाळूच्या दांड्यापलीकडे, आमच्या गवताकडे गेली. ती जागा मी शोधली होती. म्हणजे रुतलो आम्ही, पण शोधली मीच. वहिनीने त्याला तिथे न्यायला नको होतं. दुसऱ्या चार जागा आहेत.

ती पुढे बसली होती, दादाकडे तोंड करून. मध्येच काहीतरी झालं आणि ती मागे वाकून हसली, इतकी की आवाज धक्क्यापर्यंत आला. दादा आता होडीत बोलतो वाटतं. माझ्याशी शू, आणि तिच्याशी गप्पा. पण दादाचं मला एवढं नाही वाटलं. ती कशाला इतकी हसत होती? तो काही एवढा विनोदी नाही.

कोळंबीवाला म्हणाला, "काय बाई, आज जागा गेली?" मी म्हटलं, तुम्ही तुमची कोळंबी विका.

परत आली तर केस विस्कटलेले, नाक लाल. म्हणाली, "अगं, यांना आपली जागा फार आवडली." आपली! मी म्हटलं, हो का. घरी येताना मी चार पावलं पुढे चालले. ती मागून दोनदा "थांब ना" म्हणाली. थांबले नाही. आता वाटतं थांबायला हवं होतं. दादाशीच भांडायला हवंय मला, पण काय म्हणून भांडू? होडी त्याची, बायको त्याची. मी हे लिहिलं आणि वाचून मलाच गंमत वाटली, कारण दोन महिन्यांपूर्वी मी नेमकं उलटं म्हणत होते बहुतेक. मागची पानं चाळायचा धीर नाही.

२१ मार्च

आठवडाभर वहिनीशी धड बोलले नाही. ती विचारायची, मी हूं हूं करायची. काल तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "चाखून बघ, मीठ बरोबर आहे ना." मला हसू आलं, पण मी ते गिळलं.

आज संध्याकाळी तिघं चहाला बसलो होतो. दादा खुशीत होता. पाठ आता ठणठणीत, म्हणे, दर रविवारी जाणार. "उद्या माझ्याबरोबर कोण येतंय? तुम्हीच ठरवा दोघी. भांडू नका."

मी वहिनीकडे पाहिलं नाही. ती बशीत चहा ओतत होती. मला वाटलं आता ती "मी" म्हणेल, किंवा "तूच जा" म्हणेल, आणि दोन्हीपैकी काहीही म्हणाली तरी मी उठून आत जाणार होते.

"भरती कधी आहे?" दादाने विचारलं. तलावाचा माणूस तो, त्याला अजून ते विचारावंच लागतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या? उद्या भरती दुपारी आहे. तू झोप निवांत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

बोलले आणि जीभ चावली. वहिनी समोरच बसलेली. तिला भरतीची वेळ माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असते. तिने बशी खाली ठेवली. दादाने तिच्याकडे पाहून विचारलं, "दुपारी का गं?"

ती चहाचा घोट गिळेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

"हो," म्हणाली. "दुपारीच. उठायची घाई करू नका तुम्ही."

भरती सकाळी सहाला आहे.